लाल प्रकाशात हरितलवकं का हलत नाहीत?

जादा उन्हापासून वनस्पतींचा बचाव होण्यात प्रकाशग्राही प्रथिनांचाही (प्रकाश ओळखून पेशीला निरोप देणाऱ्या प्रथिनांचा) हात असतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: प्रकाश शोषायचं काम हरितद्रव्याचं, हरितलवकांतल्या (पेशीतल्या, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या घटकांतल्या) थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या आतली आम्लता वाढली की जादा प्रकाशापासूनचा बचावही आपोआप सुरू होतो, मग प्रकाशग्राही प्रथिनांना यात ओढायचं कशाला? त्यांनी रोपाला उजेडाकडे वळवावं, फुलण्याची वेळ ठरवावी, इतकंच. मी दोन वेगळ्या यंत्रणांची गल्लत केली, असं तुमचं म्हणणं.

आम्लतेबद्दल तुमचं बरोबर आहे. ऊन एकदम वाढलं की थायलॅकॉइडच्या पोकळीत प्रोटॉन साचतात, म्हणजेच आम्लता वाढते, व्हायोलाझँथिन या रंगद्रव्याचं झियाझँथिन होऊ लागतं, पीएसबीएस हे प्रथिन कार्यरत होतं आणि जादा ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. सगळा मामला सेकंदांचा, फार तर मिनिटांचा. तेवढ्यात जनुकांपर्यंत निरोप जाऊन नवी प्रथिनं बनणं शक्यच नाही. हे लेखात यायला हवं होतं.

पण ‘इतकंच’ हा शब्द मात्र मला पटत नाही. फोटोट्रोपिन या निळा प्रकाश ओळखणाऱ्या प्रकाशग्राहीचंच बघा. मंद उजेडात पेशीतली हरितलवकं प्रकाशाला सामोरी पसरतात. प्रखर उजेडात ती कडेच्या भिंतींना सरकून एकमेकांच्या सावलीत उभी राहतात. एरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या पानावर फट असलेला काळा कागद ठेवून तीव्र निळा प्रकाश सोडला, तर तासाभरात फटीखालची हरितलवकं कडेला सरकून तिथे फिकट पट्टा उमटतो, नुसत्या डोळ्यांनी दिसेल असा. हाच प्रयोग लाल प्रकाशात करा. प्रकाशसंश्लेषण जोरात चालेल, पण पट्टा उमटणार नाही. हालचालीचा हुकूम हरितद्रव्याकडून येत असता, तर लाल प्रकाशातही हरितलवकं पळायला हवी होती. (काही नेच्यांमध्ये ती लाल प्रकाशातही हलतात, पण तिथेही एक प्रकाशग्राहीच आहे, लाल प्रकाश ओळखणारा फायटोक्रोम आणि फोटोट्रोपिन यांच्या जोडणीतून झालेला.) ही सोय नुसती शोभेची नाही. ज्या उत्परिवर्तित रोपांत हरितलवकांना बाजूला सरकता येत नाही, त्यांची पानं प्रखर प्रकाशात जास्त होरपळतात, हे 2002 मध्ये दाखवलं गेलं.

आता माझी चूक. ‘वनस्पतींमध्ये फोटोट्रोपिन उष्णतेच्या झडपेची तयारी करून ठेवतो’ असं मी सरसकट लिहिलं; झडप म्हणजे जादा ऊर्जा उष्णता करून सोडण्याची वर सांगितलेली सोय. तो निष्कर्ष क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालातला आहे, 2016 चा. त्या शैवालात एलएचसीएसआर3 हे संरक्षक प्रथिन आधीपासून फारसं नसतं. निळा प्रकाश फोटोट्रोपिनवर पडला की ते बनू लागतं. फोटोट्रोपिन नसलेला वाण प्रखर उजेडात तग धरू शकत नाही. आणि इथे तुमच्याही बाजूने एक मुद्दा आहे: प्रकाशसंश्लेषण रोखलं, तरी ते प्रथिन नीट बनत नाही. म्हणजे दोन्हींकडून होकार लागतो. जमिनीवरच्या वनस्पतींत पीएसबीएस आधीपासूनच हजर असतं, त्यामुळे शैवालाचं गणित त्यांना जसंच्या तसं लावता येत नाही. मूळ लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलं आहे.

राहिला अतिनील-बी किरणांचा प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या मांडणीला सर्वांत अवघड जातो तो हाच. 280 ते 315 नॅनोमीटरच्या या किरणांवर प्रकाशसंश्लेषण चालत नाही, त्यामुळे त्यांची वर्दी प्रकाशसंश्लेषणाकडून मिळण्याची शक्यता नाही. ती देतो यूव्हीआर8 हा ग्राही. त्याची ओळख 2011 मध्ये पटली. एरवी तो जोडीने असतो. किरण पडले की जोडी फुटते, एकटा रेणू पुढचा निरोप देतो आणि पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड ही किरण गाळणारी द्रव्यं साठू लागतात. क्लॅमिडोमोनासमध्ये तर याच किरणांमुळे उष्णतेच्या झडपेची प्रथिनंही वाढतात.

तेव्हा क्षणाचा बचाव आम्लता करते, हे मी मान्य करतो. पण त्या क्षणी हरितलवक पेशीत कुठे उभं आहे, वरच्या थरात गाळणी किती जाड आहे, हे आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवण्यात प्रकाशग्राहींचा हात असतो. तुम्ही त्या फटीच्या प्रयोगाचं दुसरं काही स्पष्टीकरण देऊ शकत असाल, तर मला ते खरोखर वाचायचं आहे.