क्लच कोणी काढला?

नवी बॅटरी बसवून आठवडा नाही झाला आणि परवा सकाळी ऑफिसच्या टायमाला गाडी परत मेली. दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, एसीचा पंखा फिरतोय, फक्त किल्ली फिरवली की सेल्फ मारत नाही, साधं टक पण नाही. आणि तेसुद्धा नेमकं सोसायटीच्या गेटच्या तोंडाशी, कारण कुरिअरसाठी वॉचमनशी बोलायला मी तिथे गाडी बंद केली होती. मागे लाईन लागली.

तेवढ्यात बी विंगचे काका दुधाची पिशवी घेऊन आले.

"धक्का मारू का?"

"नको काका, ऑटोमॅटिक आहे, धक्क्यावर नाही होत सुरू."

"होते हो. सेकंड टाका, क्लच दाबून धरा, मी सांगितलं की सोडा."

"क्लच नाहीये हो हिला."

"नाहीये म्हणजे? कोणी काढला?"

"कंपनीतूनच नसतो."

काकांनी पिशवी बॉनेटवर ठेवली, दार उघडून आत वाकले आणि पेडलं मोजली. मग परत मोजली. "दोनच? आणि पैसे पूर्ण घेतले?"

मी मूर्खासारखा समजवायला गेलो, की इंजिन बंद असलं की गिअरबॉक्समधला ऑइल पंपही बंद, प्रेशर नाही, त्यामुळे चाकं फिरली तरी इंजिन काही फिरत नाही. काकांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे मुळातच गंडलेली आहे." मग त्यांच्या फियाटचं पुराण सुरू झालं, हँडलला गिअर, खंबाटकीच्या उतारावर नुसती सोडली की सुरू, मिसेसनासुद्धा जमायचं (हे 'सुद्धा' काकूंनी ऐकायला हवं होतं). मागे हॉर्न, पुढे फियाट, बॉनेटवर दूध. वैतागून मी ब्रेक दाबून लिव्हर पी (पार्किंग) वरून एन (न्यूट्रल) वर ओढला, किल्ली मारली, गाडी खाडकन सुरू!

"बघा! मी आत वाकलो तेव्हाच काहीतरी हललं असणार."

पी मध्ये मेलेली आणि एन मध्ये जिवंत, म्हटल्यावर कुठलाही ऑटो इलेक्ट्रिशियन सांगेल की बॅटरीच्या आधी न्यूट्रल स्विच बघा. गाडी गिअरमध्ये असताना चुकून सेल्फ लागून ती भिंतीत घुसू नये म्हणून सेल्फच्या रिलेचा करंट या स्विचमधून जातो, आणि तोही लिव्हर पी किंवा एन ला असला तरच. माझा रिव्हर्स लाईटही महिनाभर लागला तर लागला असं करत होता, तोही याच स्विचवर. हे मी गॅरेजवाल्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हो! तो म्हणाला, "साहेब, नव्वद टक्के बॅटरीच असते." मी त्या उरलेल्या दहात.

रविवारी माझ्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला. स्विच गिअरबॉक्सच्या अंगावर, माझ्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखाली, म्हणजे ती नवी बॅटरीच आधी बाहेर. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला, एन ला बीप (म्हणजे करंटला वाट आहे), पी ला शुकशुकाट. लिव्हर जरा हलवला की अर्धवट बीप. नुसता सरकलाय का म्हणून बोल्ट सैल करून फिरवून पाहिला, फरक शून्य. आत पाणी जाऊन पॉइंट काळे पडलेले. गाडी एन ला ठेवून नवा स्विच खुणेला खूण जुळवून बसवला. मग ब्रेक दाबून तपासणी: पी ला सुरू, एन ला सुरू, आर (रिव्हर्स) आणि डी (ड्राइव्ह) ला अजिबात नाही, रिव्हर्स लाईट लख्ख. काका पूर्ण वेळ स्टूल टाकून देखरेखीला.

स्विचच्या पैशांचं दुःख नाही. पण ती बॅटरी! गॅरेजवाला म्हणतो वापरलेली परत घेत नाही, आणि माझी जुनी, धडधाकट, ती तो आधीच बायबॅकमध्ये घेऊन बसलाय. फोन केला की "शेठ बाहेर गेलेत". कायम बाहेरच असतो हा शेठ, बॅटरी विकायला तेवढा आत होता.

आणि काल सी विंगच्या एका मुलीची स्कूटर सुरू होईना, तर काका जिन्यावरून ओरडून सांगत होते, "न्यूट्रल स्विच असणार! परवा एकाची मी शोधून दिली!"