कुलूप दिसलं म्हणून पैसे भरायचे?

रावेर-यावलकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : "सौरपंपाचे पैसे भरताना वर कुलूप आणि खाली 'सुरक्षित' शिक्का बघा. सर्टिफिकेट सरकार तपासून देतं. फसलात तरी कंपनी भरपाई देते."

आधी कुलूप, म्हणजे साइटच्या पत्त्याशेजारी दिसणारं चिन्ह. त्याचा अर्थ एवढाच, की मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत माहिती सांकेतिक रूपात जाते. भुसावळ स्टेशनच्या वायफायवर कार्ड नंबर टाकलात तरी मधल्या कुणाला तो वाचता येत नाही. हे काम मोलाचंच आहे. पण पलीकडे भामटाच बसला असेल, तर नंबर त्याच्याकडे अगदी सुखरूप पोचतो! लोकांचा हाच गैरसमज ओळखून गूगलने २०२३ मध्ये क्रोमच्या अ‍ॅड्रेस बारमधलं कुलूप काढून टाकलं.

हे कुलूप दिसायला साइटला जे डिजिटल सर्टिफिकेट लागतं, ते सरकार देतं? कुठलं सरकार? बहुतेक सर्टिफिकेटं खाजगी कंपन्या किंवा ना-नफा संस्था देतात. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था तर २०१५ पासून फुकट देते, तेही काही मिनिटांत, माणसाचा हात न लागता. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, अर्जदाराच्या ताब्यात आहे का, इतकंच तिथे तपासलं जातं. तो पंप देणार की पैसे घेऊन पळणार, हे नाही. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौरपंप योजनेच्या नावाने चालणाऱ्या बनावट साइटींबद्दल केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने वारंवार सावध केलंय, ते उगाच नाही.

शिक्का म्हणजे बहुतेकदा नुसतं चित्र. कॉपी करा, चिकटवा, झालं. अस्सल शिक्क्याचीही कथा ऐका. अमेरिकेतली ट्रस्ट-ई कंपनी शिक्का दिलेल्या साइटींची दरवर्षी फेरतपासणी करतो म्हणायची. हजाराहून जास्त वेळा ती केलीच नव्हती, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये उघड केलं. प्रकरण दोन लाख डॉलरवर मिटलं. आणि शिक्क्याचे पैसे देतं कोण? ज्याला तो लावायचाय तोच.

भरपाईचं तर विसराच. सर्टिफिकेटची हमी ते चुकीच्या माणसाला दिलं गेलं तर लागू होते, माल आला नाही म्हणून नव्हे.

मग बघायचं काय? पत्ता. सरकारी योजनेचा असेल तर (सुरुवातीच्या 'https://' मधल्या रेघा सोडून) पहिल्या तिरप्या रेघेआधी शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' हवं. मध्येच कुठेतरी असून चालत नाही. महावितरणचा पत्ता मात्र तसा संपत नाही, म्हणून तो वीजबिलावरून बघून स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच काही हाती लागतं.