सूर्य मावळायच्या बेताला जा

आत्म्यांचं ओझं डोक्यावर घेऊन निपाणीच्या स्टँडवर उतरणाऱ्या तमाम उत्साही बंधूंसाठी हा सल्ला फुकट आहे. आमच्या भागात जैन घरं भरपूर. त्यांना येशूची सुवार्ता कशी सांगावी याचं प्रात्यक्षिक मी गेल्या भाद्रपदात शेजारच्या सोफ्यावर बसून पाहिलं. चर्चचे दोघे भाऊ बाहेरून आले होते, ट्रेनिंग घेऊन. ओळख करून द्यायला मीच गेलो होतो, म्हणजे निम्मं पाप माझं.

जायच्या आधी काहीही माहिती करून घेऊ नका. जैन म्हणजे मारवाडी आणि मारवाडी म्हणजे दुकान, एवढं भांडवल बास. दारावर 'पाटील' अशी पाटी असेल, अंगणात चिखलाने माखलेला ट्रॅक्टर असेल, तरी बिचकू नका. "तुम्हा व्यापारी लोकांना नफा-तोटा लवकर कळतो," अशी दणक्यात सुरुवात करा. घरचे काका शांतपणे म्हणाले, "आमचा ऊस हाय. नफा आमालाबी अजून दिसला न्हाई."

नाताळात केक न्या. अंडं आहे का विचारलं तर "थोडंसंच" म्हणा.

भिंतीवर दिगंबर मुनींचा फोटो दिसला की "हे बाबा कपडे का घालत नाहीत?" असं हसत विचारा. ते आचार्य शांतिसागर, 1872 साली इथेच भोजजवळ जन्मले, 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी सोडून, देह ठेवला, आणि या घरात त्यांचं नाव आजोबांच्या नावासारखं घेतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगायचं काय, विचारलंच नाही.

मग मुद्द्यावर या. "हे जग कुणी निर्माण केलं?" असं विचारा. जैन दर्शनात जग अनादि आहे, त्याला कुणी कर्ता नाही. त्यामुळे तुमच्या पाठ केलेल्या सात प्रश्नांपैकी पहिल्यालाच गाडी रुतेल. ढकलत राहा. आवाज वाढवा. येशू हा कोकरू, त्या कोकराच्या रक्तात धुऊन शुभ्र होण्याबद्दल बोला, आणि तेही अशा घरात जिथे पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीव मरू नये म्हणून नळाला फडकं बांधलेलं असतं. ज्या माउलीने तुम्हाला पाणी गाळून, गरम करून, निववून दिलं, तिच्यापुढे रक्त, रक्त, रक्त. तिचा चेहरा बदलला की समजा, पवित्र आत्मा काम करतोय.

अनेकांतवाद हा शब्द कुठून तरी कानावर पडला असेल तर तोही फेका: "तुमच्यात सगळंच खरं असतं ना, मग आमचंही खरं माना." माणसाला वस्तूची एकच बाजू दिसते म्हणून जरा जपून बोलावं, असं ते सांगणं आहे. जपून बोलणं तुम्हाला परवडणार नाही.

आता वेळ. सगळ्यात महत्त्वाचं. दिवस दशलक्षणाचे, म्हणजे भाद्रपदातल्या दहा दिवसांच्या जैन पर्वाचे निवडा आणि संध्याकाळी पावणेसहाला जा. काकू या दहा दिवसांत सूर्य मावळला की पाणीसुद्धा घेत नाहीत. भाकरी झालेली, मुगाची आमटी झालेली, ताटं मांडलेली, आणि तेवढ्यात तुम्ही दारात. पाहुण्याला "थांबा, आम्ही जेवतो" म्हणायची आमच्याकडे रीत नाही. काकूंनी ताटांवर ताटं पालथी घातली आणि येऊन बसल्या. बाहेर ऊन नारळीच्या शेंड्यावर गेलं. काकूंची नजर खिडकीकडे जायची, परत तुमच्याकडे यायची. मी दोनदा घड्याळ बघून खाकरलो, तर भाऊ म्हणाले, "ब्रदर, पाणी घ्या." सव्वासहा. साडेसहा. आणि बरोब्बर तेव्हा विषय कोणता निघाला? जीवनाची भाकर! येशू जीवनाची भाकर आहे, त्याच्याकडे येणाऱ्याला भूक लागणार नाही. पलीकडे झाकलेल्या ताटात भाकरी निवत होती आणि इकडे तुम्ही भाकरीवर बोलत होता. पावणेसात. दिवा लावला. सात वाजता तुम्ही उठलात, प्रार्थना केलीत, "फार आशीर्वादित वेळ गेला" म्हणालात. त्या रात्री ते घर उपाशी झोपलं. निपाणीत दारात पाय ठेवला की पहिला शब्द "जेवलासा काय?" असतो रे! तीन शब्दही नाहीत. तेवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही.

आणि वर फोटो! हातात प्रचाराची पत्रिका दिलेला काकूंचा फोटो, प्रार्थनेच्या ग्रुपवर, खाली "बंधनात असलेलं एक जैन कुटुंब, यांच्यासाठी मध्यस्थी करा." तो फिरत फिरत काकूंच्या मुलाच्या मोबाइलवर आला. आता मी गल्लीत कुठल्या तोंडाने फिरू?

बंधन कुणाचं रे? बायबलात पेत्राने लिहून ठेवलंय, विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारणाऱ्याला! काकूंनी काय विचारलं होतं? चहा घेणार का, एवढंच. पौल म्हणतो, माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. आणि तुला एक अंडं सोडवत नाही. परक्या समाजातल्या शोमरोनी बाईशी बोलताना प्रभूने आधी तिच्याकडे पाणी मागितलं. तू पाणी प्यालास, आणि ते गाळून का दिलं एवढंही तुला विचारावंसं वाटलं नाही. येशू सांगायला कुणाची ना नाही. काकूंनीच मला एकदा विचारलं होतं, क्रूसावर त्याने मारणाऱ्यांना क्षमा कशी केली म्हणून, आणि आम्ही दुपारभर बोललो होतो. त्या दाराला आता तू कडी लावून गेलास.

पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या, म्हणजे एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी सकाळी काकू आमच्या दारात आल्या. हात जोडले. म्हणाल्या, "वर्षभरात काय चुकलं असंल तर क्षमा करा. त्या दिवशी पोरांना नुसत्या चहावर पाठवलं, जेवा म्हणायचं राहिलं."

ऐकलंस? आता तो फोटो आधी काढ. मग सकाळी ये, फोन करून, रिकाम्या हाताने, आणि पत्रिका खोलीवर ठेवून ये.