घर सोडताना किल्ली आधी की डिपॉझिट आधी?

परवा बेळगावात अनगोळ नाक्यावर एक जुना मित्र भेटला. महिन्यापूर्वी भाड्याचं घर सोडलंय, ४० हजार डिपॉझिट अडकलंय आणि मालक दर रविवारी "पुढच्या रविवारी या" म्हणतोय. किल्ली कधी दिलीस, असं विचारलं. म्हणाला, "सामान टाटा एसमध्ये चढवलं आणि दिली की. मागितली त्यांनी, नाही कसं म्हणायचं?"

हे "नाही कसं म्हणायचं" फार महाग पडतं. दोन वर्षांपूर्वी मलाही पडलं होतं, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

वडगावात एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही चार वर्षं राहिलो. भाडं ७,०००, डिपॉझिट ५०,०००. मालक वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांच्या घरून आठ दिवस डबा येत होता. गणपतीत आमच्या मुलीला पहिला मोदक खालीच मिळायचा. आणि म्हणूनच घर सोडायच्या दिवशी त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली तेव्हा माझी जीभच उचलेना. कलरिंग १२,०००. भिंतीचा गिलावा ४,५००. न्हाणीघराचं दार २,५००. एकूण १९,०००. उरलेले ३१,००० माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "घर बघा की सर, कसं होतं आणि कसं झालंय. आपलीच माणसं म्हणून मी जास्त काही लावलो नाही."

मी "बरं मामा" म्हणालो आणि किल्ली दिली. जिना उतरताना बायको एवढंच म्हणाली, "कसलं बरं?"

रात्री नव्या घरात नुसत्या गाद्या टाकून बसलो आणि डोकं फिरायला लागलं. गिलावा कुठला? पश्चिमेकडची ती भिंत आम्ही राहायला गेलो तेव्हाच फुगलेली होती. बेळगावचा पाऊस कसा असतो हे बेळगावकराला सांगायला नको. जूनात धरतो तो गणपती बोळवले तरी सुटत नाही. गच्चीवर वॉटरप्रूफिंग नाही, बाहेरून भिंतीला नुसता चुना, मग आत ओल येणार नाही तर काय? दर श्रावणात कपाट ओढून भिंतीपासून हातभर लांब ठेवायचो आम्ही. आणि त्या ओलीचा खर्च आमच्याच माथी!

पण सिद्ध कसं करायचं? फोटो काढून ठेवायचं भान तेव्हा कुणाला होतं? शेवटी बायकोला आठवलं. घर ताब्यात घेतलं त्या दिवशी तिने कोल्हापूरच्या बहिणीला "घर बघ गं आमचं" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर सात-आठ फोटो पाठवले होते. मेहुणीने ते शोधून दिले. तिसऱ्या फोटोत ती भिंत, त्यावरचा फुगवटा आणि खाली तारीख. बहिणीला घर दाखवायची हौस असावी तर अशी.

आता कायद्याचं. मी वकील नाही, उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात काम करतो. पण तेव्हा ओळखीच्या वकिलांकडे चार चकरा झाल्या, त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

सगळ्यांना वाटतं की भाडेकरूचा कायदा म्हणजे कर्नाटकचा १९९९ चा भाडे कायदा. तो आहे, पण त्यात भाड्याची मर्यादा आहे. गावानुसार महिना साडेतीन हजार किंवा दोन हजारांच्या वरची घरं त्यातून बाहेर पडतात. आज बेळगावात दोन हजारात काय मिळतं? म्हणजे तुमचं-माझं बहुतेक भांडण जातं १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याकडे. एवढा जुना कायदा, पण त्याच्या कलम १०८ मध्ये आमच्या भिंतीचं उत्तर होतं. भाडेकरूने घर जसं घेतलं तसं परत द्यायचं, पण वापरामुळे होणारी साधारण झीज आणि कुणाच्याच हातात नसलेल्या गोष्टी वगळून. चार वर्षांत भिंतीचा रंग उडणं ही झीज. पोराने स्केचपेनने भिंतभर हत्ती काढला तर ते नुकसान. न्हाणीघराचं दार खालून कुजणं ही झीज, लाथ घालून फोडलं तर नुकसान. फरक इतका साधा आहे.

मात्र हा कायदा सांगतो की तुमच्या करारात वेगळं काही ठरलं असेल तर आधी करार. इथे माझी खरी फजिती झाली.

आमचा बाँड, म्हणजे भाडेकरार, कन्नडमध्ये होता. कोर्टाजवळच्या टायपिस्टकडे तयार मजकूर असतो, नाव-गाव-रक्कम घालून पाच मिनिटांत देतो. मालक मराठी, मी मराठी, आणि आमच्यातला कागद आम्हा दोघांनाही धड वाचता येत नव्हता! मी जिथे बोट दाखवलं तिथे सही केली होती. चार वर्षांनी तो कागद मुलीपुढे ठेवला. ती तेव्हा आठवीत, मराठी शाळेत, पण कन्नड विषय चांगला. ती एकेक ओळ वाचत गेली आणि मध्येच थांबून म्हणाली, "पप्पा, इथे सुण्ण-बण्ण लिहिलंय. म्हणजे चुना आणि रंग. घर सोडताना एक महिन्याचं भाडं त्याला द्यायचं म्हणून लिहिलंय."

घ्या! म्हणजे ७,००० मी स्वतःच सही करून देऊन बसलो होतो. कर्नाटकात ही पद्धत सर्रास आहे, बेंगळूरला तर रंगाचा एक महिना न विचारताच कापतात. पण त्याच ओळीचा दुसरा अर्थ असा की ७,००० म्हणजे ७,०००, १२,००० नव्हे. ज्या कागदाला मी शिव्या घालत होतो त्यानेच पाच हजार वाचवले.

मालकांकडे पुन्हा गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, बाँड अकरा महिन्यांचा होता. तो संपून तीन वर्षं झाली. आता त्यातलं काय दाखवता?" हा मुद्दा बऱ्याच जणांना गप्प करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अकरा महिनेच का? कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, तो खर्च वाचवायला. पण मुदत संपल्यावर मालक भाडं घेतच राहिला, तर कलम ११६ प्रमाणे घराची भाडेवस्ती महिन्या-महिन्याने पुढे चालते. तुम्ही घुसखोर होत नाही. तुम्हाला काढायचं असेल तरी, दुसरं काही ठरलेलं नसेल तर, किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. तुम्हाला सोडायचं असेल तर तुम्हीही द्यायची. मी ती दिली होती, भाडं गूगल पेने जात होतं, प्रत्येक महिन्याची नोंद होती. रोख देणाऱ्यांनो, पावती मागायला लाजू नका.

मग वकिलांच्या सांगण्यावरून एक पत्र लिहिलं. नोटीस नव्हे, साधं पत्र. किती डिपॉझिट दिलं, कुठल्या तारखेला किल्ली दिली, कुठली कपात मान्य, कुठली नाही आणि का, सोबत फोटो. पंधरा दिवसांत उरलेले द्यावेत. स्पीड पोस्टाने पाठवलं आणि पोच जपून ठेवली. चार वर्षं ज्यांच्या घरात राहिलो त्या माणसाला पोस्टाने पत्र पाठवताना मला कसंतरीच झालं, खोटं का सांगू. पण तोंडी बोलताना प्रत्येक वेळी मोदक आणि आईचा डबा मध्ये येत होता. कागदावर फक्त आकडे आले.

दहाव्या दिवशी मालकांनी ११,००० दिले. दाराचे १,००० मी सोडले, भांडण मिटावं म्हणून. कोर्टात गेलो असतो तर? पैसे मागायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण कोर्टाच्या वेगाचं कौतुक आपल्याला काय सांगायचं? महाराष्ट्राने २००४ साली सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात घातला, तेव्हा जन्मलेली पोरं आता नोकरीला लागली. त्यापेक्षा जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण बरं. तिथे दावा दाखल करण्याआधीच तडजोडीला समोरच्याला बोलावता येतं. स्त्रियांना वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करून चौकशी करा.

काही जण म्हणतील, शेवटचे पाच-सहा महिने भाडंच द्यायचं नाही, डिपॉझिटमधून वळतं करायचं, कटकटच नको. माझं मत विरुद्ध आहे. मालकाने लेखी मान्य केलं तर खुशाल करा. नाहीतर थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि हातात असलेली बाजू घालवून बसता. आरपीडी कॉलेजच्या बाजूला माझ्या मावशीच्या दोन खोल्या आहेत. एका पोराने असंच केलं आणि वर हेस्कॉमचं विजेचं बिल, फुटलेलं कमोड ठेवून गेला. त्या एकामुळे मावशी आता प्रत्येक विद्यार्थ्याकडे चोर म्हणून बघते. घरमालकांच्या संशयाला आपल्यातल्याच काहींनी खत घातलंय.

आणि मालकाने अंगावर येऊन कुलूप घातलं, पाणी तोडलं, सामान बाहेर काढलं तर तो गुंडपणा आहे, हक्क नव्हे. घर त्याचं असलं तरी. पोलीस स्टेशनात "सिव्हिल मॅटर आहे" म्हणून परत पाठवतील, तरी अर्ज देऊन पोच घ्याच. अशा रीतीने बाहेर काढलेल्या माणसाला ताबा परत मिळवायला सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. सहा महिने फार पटकन जातात.

सगळ्यात जास्त भीती मला वाटते ती "लीज"वाल्यांची. चार-पाच लाख एकरकमी द्यायचे, तीन वर्षं भाडं नाही, सोडताना सगळी रक्कम परत. ऐकायला काय गोड! पण मालकाने ते पैसे मुलीच्या लग्नात किंवा प्लॉटमध्ये घातलेले असतात. परत द्यायला तो पुढचा लीजवाला शोधतो. तो मिळाला नाही की तुम्ही लटकलात. घरावर आधीच बँकेचं कर्ज असेल तर आणखी वाईट. एवढी रक्कम देण्याआधी नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर त्या मिळकतीची ईसी, म्हणजे बोजा आहे की नाही त्याचा दाखला, काढून बघा. सगळी रक्कम बँकेतूनच द्या, आणि कागद रजिस्टर केलेला हवा. मालक "कशाला ते सगळं" म्हणाला तर तिथेच उठा.

गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेचंही लक्षात ठेवा. भाडेकरू म्हणून तुमचं आधार त्या घराच्या मीटरला जोडलेलं असेल तर सेवासिंधू या सरकारी पोर्टलवरून ते सोडवल्याशिवाय नव्या घरात सवलत लागत नाही. आम्ही विसरलो, पहिलं बिल पूर्ण भरलं.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागली. आपण म्हणतो, कन्नड मालकाकडे नको, आपल्या माणसाकडे राहू. सीमाप्रश्नासाठी पाळतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत आम्ही दोघे शेजारी-शेजारी होतो, मी आणि तेच मामा. पुढे टिळकवाडीत माझ्या एका सहकाऱ्याला त्याच्या कन्नड मालकाने घर सोडताना मीटरचं रीडिंग घेऊन, नळ सोडून बघून, जागच्या जागी पूर्ण डिपॉझिट मोजून दिलं. या हाताने पैसे, त्या हाताने किल्ली. उलटंही घडत असेलच. डिपॉझिटला मातृभाषा नसते एवढं खरं.

आताचं घर हिंदवाडीत आहे. बाँड पुन्हा कन्नडमध्येच. सही करायच्या आधी मुलीला सोबत नेलं, तिने टायपिस्टच्या बाकावर बसून तीन पानं मोठ्याने वाचली. करार बायकोच्या नावावर केलाय, मोफत वकिलाचं वर सांगितलंच. सुण्ण-बण्णाची ओळ आली तेव्हा मी म्हटलं, मालक, हे काढा, रंग तुमच्याकडे. ते हसले. म्हणाले, "चार वर्षं राहणार असाल तर माझा, वर्षात सोडलात तर तुमचा." त्याच शब्दांत लिहून घेतलं. बाजूला दोघांच्या सह्या.