फक्की आधी, काँक्रीट नंतर

कोल्हापुरात पोरांसाठी सार्वजनिक स्केटपार्क व्हावा, आणि तो बांधण्याआधी आसपासच्या लोकांना विचारावं, याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. घोडं अडतं ते पुढे: कुणाला विचारायचं, काय विचारायचं आणि कधी? आपल्याकडे आधी नकाशा होतो, अंदाजपत्रक मंजूर होतं आणि मग ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. बागेचं तेवढ्यावर निभावतं. बाक चुकीच्या जागी बसला तर उचलून दुसरीकडे ठेवता येतो. स्केटपार्कचा उतार एकदा काँक्रीटमध्ये बसला की बसला. चुकला तर ब्रेकर लावून फोडण्याशिवाय इलाज नाही. म्हणून लोकांचं म्हणणं नकाशाची पहिली रेघ ओढण्याआधी हातात हवं. माझा सगळा आग्रह एवढ्याचसाठी आहे.

पहिली अडचण शब्दाची. आपल्याकडे ‘स्केटिंग’ म्हटलं की चाकांचे बूट घालून गोल पळणारी मुलं डोळ्यांसमोर येतात. त्यांना सपाट रिंक किंवा वळणावर उचललेला ट्रॅक लागतो. शर्यतीचा प्रमाण ट्रॅक २०० मीटरचा, रोलर हॉकीचं मैदान ४० बाय २० मीटरचं. स्केटबोर्डवाल्याला मात्र गोलाईचे उतार, बुटके कट्टे, पायऱ्या आणि लोखंडी रेल हवी असते. ‘तुमच्या भागात स्केटिंग ग्राउंड हवं का?’ असा प्रश्न छापला तर बहुतेक जण हो म्हणतील आणि प्रत्येकाच्या मनात वेगळंच काहीतरी असेल. त्या होकाराचा उपयोग शून्य.

म्हणून चिठ्ठीवर चार फोटो छापा: सपाट रिंक, पायऱ्या-कट्ट्यांचा ‘स्ट्रीट’ भाग, खोल वाटीसारखा ‘बोल’ आणि लाटांसारखा पंप ट्रॅक. खाली चारच प्रश्न. घरातलं कोण वापरेल आणि त्याचं वय काय? कोणत्या चाकांवर: बूट, बोर्ड, स्कूटर की सायकल? दिवसातल्या कोणत्या वेळी? आणि आत्ता ते कुठे खेळतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. ‘काय हवंय’ याचं उत्तर लोक विचार करून देतात, ‘आत्ता कुठे खेळतं’ याचं खरं देतात. जुन्या शहरात चिठ्ठ्या तालमीत, शाळेत आणि दूध कट्ट्यावर ठेवा. उपनगरात कॉलनीचं सभागृह आणि किराणा दुकान. फक्त व्हॉट्सॲपवर लिंक फिरवली तर ज्यांच्या हातात फोन आहे त्यांचंच मत येतं, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात तो बहुधा नसतो.

चिठ्ठ्यांच्या जोडीला जागेवर बसून मोजणी करा. सकाळी ६ ते ८, दुपारी ४ ते ७ आणि रात्री ८ ते ९.३०, एक साधा वार आणि एक रविवार. कोण फिरायला येतं, कोण फुटबॉल खेळतं, गाड्या कुठे लागतात, भेळेचा गाडा कुठे उभा राहतो, हे सगळं कागदावर हवं. फुटबॉलवेड्या शहरात पोरांच्या सरावाची पट्टी खाऊन स्केटपार्क केला तर पहिल्याच दिवशी दोन खेळांत भांडण लागेल, आणि त्यात चूक पोरांची नसेल.

दुसरी अडचण सभेची. विभागीय कार्यालयात बैठक लावली की मंडळाचे अध्यक्ष बोलतात, माजी नगरसेवक बोलतात, ज्येष्ठ नागरिक बोलतात, आणि जे पोर तिथे रोज पडणार-उठणार आहे ते दाराशी उभं असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्ट्रीट प्रकारात मुलींचं सुवर्णपदक जपानच्या मोमिजी निशियाने जिंकलं तेव्हा ती १३ वर्षांची होती. या खेळातले जाणकार त्याच वयाचे असतात. त्यांना सभागृहात बोलावू नका, मैदानावर गाठा. मुलींची बैठक वेगळी घ्या, कारण थोरल्या पोरांसमोर त्या ‘आम्हाला कडेला लहान उतार हवा’ एवढंही बोलत नाहीत. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी २०१५ साली सुरू झालेल्या स्केटपार्कात ‘मुली आधी’ असा नियमच ठेवला गेला. आपल्याकडे नियम ठेवायचा की आराखड्यातच सोय करायची, हे त्या बैठकीत मुलींनाच ठरवू द्या. माझं मत आराखड्याच्या बाजूने आहे. शिकणाऱ्यांचा भाग प्रवेशाजवळ आणि मुख्य धावेपासून बाजूला ठेवला, तर नव्या मुलीला भर वर्दळीतून वाट काढावी लागत नाही.

मुलांकडून आकार काढून घ्यायचे तर शाडूसारखं साधन नाही, आणि त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. १:५० हे प्रमाण धरा. ६० बाय ४० सेंटिमीटरची फळी म्हणजे ३० बाय २० मीटरची जागा, ६०० चौरस मीटर, साधारण सहा गुंठे. गल्लीपुरत्या पार्कला एवढी पुरते. पाच मुलांच्या गटाला चार-पाच किलो शाडू आणि अडीच सेंटिमीटर उंचीची तारेची बाहुली द्या. ती म्हणजे सव्वा मीटरचं पोर. मग १४ सेंटिमीटर लांबीच्या कागदी पट्ट्या द्या आणि एकच अट घाला: समोरासमोरच्या दोन उतारांमध्ये एक पट्टी बसलीच पाहिजे. ती म्हणजे सात मीटर सपाट जागा. उतारावरून खाली आलेल्याला तोल सावरायला आणि पुढच्यासाठी पाय जुळवायला तेवढी लागते. पट्टी दिली नाही तर मुलं फळीभर उतारच उतार करतात. पुष्कळ पार्कांत मोठ्यांनीही नेमकं तेच केलेलं असतं, आणि मग तिथे कुणाला दोनदा धड पायच मारता येत नाही.

प्रत्येक फळीचे वरून आणि बाजूने फोटो घ्या, गटाचं नाव टाका. सगळ्या फळ्यांत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते उचलायचं. त्यातून डिझायनरने दोन पर्याय काढायचे. एक नाही, तीनही नाहीत. एक दाखवला की लोक नुसतं हो किंवा नाही म्हणतात. दोन दाखवले की तुलना करून कारण सांगतात, आणि आपल्याला कारणच हवं असतं.

यापुढची पायरी सहसा कुणी करत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही पर्याय प्रत्यक्ष जागेवर खऱ्या मापात आखा. फुटबॉलच्या मैदानाला पांढऱ्या रेघा मारतो तीच फक्कीची पूड. एक पर्याय या रविवारी, दुसरा पुढच्या. ४५ सेंटिमीटरचा कट्टा विटा रचून दाखवा, सव्वा मीटरच्या उताराची उंची बांबू रोवून. कागदावर नकाशा न वाचता येणारी आजीसुद्धा फक्कीवर उभी राहून सांगते, की इथून नातू दिसत नाही. खासबागेचं मैदान १९१२ पासून उभं आहे आणि चारी बाजूंच्या उतारावरून कुस्ती दिसते; बघणाऱ्याचा विचार आधी करणं या शहराला नवं नाही. बाक कुठे, सावली कुठे, ४ ते ६ चं पश्चिमेचं ऊन कुठून येतं, हे फक्कीवरच कळतं. झाडं पश्चिमेला लावा, पण चाकांच्या भागापासून पाचेक मीटर लांब. ओल्या पाकळ्यांवरून बोर्ड साबणासारखा सटकतो.

शेजाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात आणि ते वेगळेच विचारले पाहिजेत: आवाज, दिवे, गर्दी, गाड्या, बंद करायची वेळ. उतार तीन फुटी की चार फुटी हे शेजाऱ्यांना विचारू नका, आणि रात्री किती वाजता बंद करायचं हे एकट्या पोरांना विचारू नका. ज्याला ज्याचा त्रास किंवा उपयोग, त्याचं मत तिथे जड. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. बोर्डचा सततचा घरघराट खडबडीत जमिनीमुळे होतो, आणि ‘खट’ आवाज बोर्डचं शेपूट आपटल्याचा. पोकळ पत्र्याचे किंवा प्लायचे तयार रॅम्प ढोलासारखे वाजतात. भरीव गुळगुळीत काँक्रीट पुष्कळ शांत. ‘स्वस्तात रेडिमेड रॅम्प बसवू’ असं कुणी सुचवलं तर शेजाऱ्यांना हा फरक त्याच बैठकीत सांगायला हवा.

मंडळांनाही बसवा. गणपतीचा मांडव या जागेवर पडतो का? पडत असेल तर खांबांसाठी कडेच्या पट्टीत झाकणाच्या नळ्या आधीच पुरून ठेवा. नाहीतर पहिल्याच वर्षी कुणीतरी गुळगुळीत काँक्रीटला पहारीने भोकं पाडेल. सव्वा इंचाचं भोक पुढच्या चाकाला अडवून पोराला तोंडावर पाडायला पुरेसं असतं. आवाराच्या तोंडाशी चारचाकी घुसणार नाही एवढ्या अंतरावर खुंट हवेत. मोकळं काँक्रीट दिसलं की तिथे गाडी लागतेच.

आता पाणी. कोल्हापुरात हा विषय शेवटी घेऊन चालत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका हे इथल्या लहान मुलालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं हे नकाशापेक्षा शेजारच्या भिंतीवरची खूण आणि तिथले रहिवासी अचूक सांगतात, म्हणून हा प्रश्न चिठ्ठीच्या मागे छापा. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारी नकाशावर आखलेल्या पुराच्या हद्दीच्या, आतली जागा शक्यतो टाळा. तीच एक मिळत असेल तर खड्डा नको आणि विजेची पेटी उंचावर. सहा गुंठ्यांवर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३० हजार लिटर पाणी होतं, म्हणजे १० हजार लिटरचे तीन टँकर. एवढं पाणी उताराने जाईल असा नाला किंवा गटार बाजूला आहे का? पावसाळ्यात नाल्याची पातळी खड्ड्याच्या तळापेक्षा वर येत असेल तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येईल, त्यात डास होतील, शेवाळ धरेल आणि ‘डेंग्यूचा खड्डा’ म्हणून अख्खा पार्क बदनाम होईल. म्हणून शहरातल्या पहिल्या पार्कात खोल बोल नको, असं माझं स्पष्ट मत आहे. सगळं जमिनीच्या वर बांधा, सपाट भागाला दीड टक्का ढाळ द्या (२० मीटरला ३० सेंटिमीटर) आणि जाळी चाकांच्या वाटेत येऊ देऊ नका. विचारणा जून ते सप्टेंबर करण्याचा फायदा हाच, की पाणी कुठे साचतं ते छत्री घेऊन डोळ्यांनी पाहता येतं. ऑक्टोबरात निविदा, थंडीत काँक्रीट.

बांधकामातल्या काही गोष्टी लोकांना ठाऊक असल्या तर तेच पहारेकरी होतात. काळ्या मातीवर थेट स्लॅब टाकला की ती फुगते-आक्रसते आणि तडे जातात. ती काढून मुरूम १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत दाबून भरायला हवा. पोचरस्त्याला आणि खेळायच्या भागात पेव्हिंग ब्लॉक चालत नाहीत, कारण बोर्डचं चाक जेमतेम ५२-५४ मिलिमीटरचं आणि टणक असतं, सांध्यात अडकतं. रस्त्यासारखी झाडूची खरबरीत रेघ नको, लोखंडी थापीने घोटलेला पृष्ठभाग हवा. चार फुटी उताराची गोलाई सात फूट त्रिज्येची धरली तर शिकणाऱ्याला झेपते. ती नजरेने नव्हे, प्लायच्या साच्याने काढायची. पंपातून येणारं पातळ काँक्रीट उतारावर थांबत नाही, खाली घसरतं आणि पायथ्याशी पोट येतं. तिथे घट्ट मिश्रण हाताने किंवा फवाऱ्याने लावावं लागतं. वरच्या काठाचा पाइप म्हणजे आपल्या उद्यमनगरात मिळणारा दोन इंची पाइप, बाहेरून ६०.३ मिलिमीटर. तो काँक्रीटच्या आठ-दहा मिलिमीटर पुढे आला पाहिजे. पूर्ण बुडाला तर चाकाला काठ लागत नाही, फार पुढे आला तर अडखळवतो. क्युरिंग, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवणं, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेल्याला १०, कोरड्या उन्हात त्याहून जास्त.

आणि निविदेत एक कलम घालून घ्या: मुख्य कामाआधी ठेकेदाराने तीन मीटर रुंद नमुना उतार काठाच्या पाइपसह बांधायचा. शाडूच्या बैठकीला आलेल्या मुलांनी त्यावर बोर्ड चालवून ‘चालतंय’ म्हटल्यावरच पुढची परवानगी. लेव्हल मशीनला न दिसणारा उंचवटा पोरांच्या तळपायाला कळतो.

विचारणा संपली की जागेवर मोठा फलक लावा. डावीकडे ‘तुम्ही काय सांगितलंत’, उजवीकडे ‘काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का’. ‘नाही’ची कारणं लिहिणं कुणालाच आवडत नाही, पण खोल बोल मागितलेल्या पोराला नाल्याच्या पातळीचं कारण वाचायला मिळालं तर ते पुढच्या बैठकीलाही येतं.

सगळे सहा गुंठे एकदम भरू नका. गुंठाभर जागा मुरूम दाबून, कडेला पाइपची जोडणी ठेवून मोकळी सोडा. दोन पावसाळे गेल्यावर कोण येतंय, कुठे रांग लागते आणि कोणता उतार ओस पडलाय ते मोजा, आणि उरलेल्या गुंठ्यावर पुन्हा फक्की मारा.