सादळण्याचा खटला

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना गेली की इशारा आणि ४३ फुटांना गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. जुलैत तर चहाच्या आधी फूट आणि इंच विचारले जातात. पण त्याच वेळी फळीवरच्या चिवड्याच्या डब्यात पाणी किती चढलंय, याची पट्टी कुणी मारून ठेवलेली नाही. तिथं इशारा नाही, स्थलांतराची सूचना नाही, थेट धोका. मूठभर चिवडा तोंडात टाकावा आणि कुर्र वाजायच्या जागी काहीतरी वातड, गुमान, पुढच्या आठवड्यात या म्हणणाऱ्या खिडकीसारखं लागावं.

याला आपल्याकडं सादळणं म्हणतात. जिन्नस ओला दिसत नाही, हाताला ओला लागत नाही, तरी त्यातला जीव गेलेला असतो. आणि जीव गेला म्हटल्यावर खटला उभा राहतोच. पहिला प्रश्न ठरलेला : "कुणी उघडला होता डबा?" कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच २०२५ साली आलं, पण या दाव्याची सुनावणी अजून स्वयंपाकघरातच होते, आणि निकाल बहुतेक वेळा चुकीचा लागतो. मी आरोपीचं वकीलपत्र घेतलंय.

हिशेब मांडूया. पावसाळ्यात हवा २८ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर एक लिटर हवेत साधारण २३ मिलिग्रॅम पाणी असतं. पाच लिटरचा डबा उघडला आणि आतली सगळी हवा बदलली असं धरलं, तरी आत शिरतं फक्त एक दशांश ग्रॅम. अर्धा किलो चिवडा पार मऊ पडायला पंधराएक ग्रॅम पाणी लागतं. म्हणजे डबा दीडशे वेळा उघडायला हवा. एवढ्या वेळा उघडेपर्यंत चिवडाच शिल्लक राहत नाही, हा बचावाचा दुसरा मुद्दा. उघडणारा निर्दोष आहे. गुन्हेगार आहे तो झाकण टेकवून जाणारा. त्याच्या कृपेनं हवा रात्रभर येते-जाते, आणि चिवडा तिच्यातलं पाणी चिमटी-चिमटीनं काढून घेत बसतो.

झाकण बसलंय की नुसतं ठेवलंय, हे कळायला सोपी युक्ती आहे. रिकाम्या डब्यात मोबाइलची टॉर्च चालू करून ठेवा, झाकण लावा, दिवे घालवा. कडेनं उजेड दिसला, तर तिथून ओलही येणार. लग्नात आलेल्या स्टीलच्या डब्यांपैकी निम्मे या परीक्षेत दिवाळीच्या कंदिलासारखे उजळतात. असा डबा टाकायची गरज नाही. झाकणाखाली जाड प्लॅस्टिकचा कागद घालून वरून दाबला की बऱ्यापैकी काम भागतं. कडीच्या डब्याला रबरी रिंग असते. ती वर्षा-दोन वर्षांत कडक होते, चिरते, आणि कडी मात्र खटकन लागत राहते. त्या आवाजावर विश्वास ठेवू नये.

दुसरा गुन्हेगार म्हणजे ओला चमचा. धुतलेला, झटकलेला, "कोरडाच आहे की" असा चमचा. त्याला चिकटलेलं अर्धा ग्रॅम पाणी म्हणजे जुलैतली वीस लिटर हवा एकाच जागी ओतल्यासारखं. चटणीच्या बरणीत हा चमचा गेला की त्याच ठिकाणी गुठळी, आणि पुढं बुरशी.

इथं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे बाहेरगावच्यांसाठी सांगितलं. एप्रिल-मेच्या उन्हात मिरची वाळवायची, डंकावर, म्हणजे कांडपाच्या गिरणीत, कुटून आणायची आणि वर्षभर पुरवायची. डंकावरनं आलेली चटणी कोमट असते. ती तशीच बरणीत कोंबली की आतल्या आत वाफ धरते, झाकणाला घाम येतो आणि तो घाम परत चटणीवरच ठिबकतो. म्हणून आधी कागदावर पसरून पूर्ण गार करायची. मग थोडी-थोडी घालत मुठीनं दाबत भरायची, म्हणजे मधली हवा निघते. वर मिठाचा थर, दोन-चार हिंगाचे खडे आणि बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे कापड बांधायचं. महिन्याची चटणी लहान बरणीत काढून घ्यायची आणि मोठीला रोज हात लावायचा नाही. बरणी काचेची असेल तर फडताळात आत ठेवायची. उजेडानं तांबडा रंग उडतो, आणि कोल्हापुरात रश्श्याचा रंग उडाला तर पाहुण्यांसमोर मान खाली जाते.

मिठाचं आणखी एक. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. साखर ८५ पर्यंत तग धरते. गुळाचा धीर त्याहून लवकर सुटतो. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, त्यांतलं फ्रुक्टोज साठीच्या थोडं पुढंच पाणी धरायला लागतं. म्हणून जगभर मिरवणारा आपला गूळ जुलैत फळीवर बसून पाघळतो आणि शेजारच्या पोह्यांच्या पिशवीवर उतरतो. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कागदात घट्ट गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवायचा. फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतो. मात्र बाहेर काढल्यावर डबा लगेच उघडायचा नाही. आधी बंदच्या बंद खोलीइतका गरम होऊ द्यायचा, नाहीतर थंड गुळावर हवेतलं पाणी जमतं.

मिठाच्या बाटलीत तांदूळ टाकण्याची पद्धत सगळीकडं आहे. तांदळाचं मी विरोधात काही बोलणार नाही, पण कच्च्या तांदळात मुळातच बारा-तेरा टक्के पाणी असतं. तो मिठाचं पाणी काय पिणार! हलवताना गुठळ्या फोडतो, एवढंच त्याचं श्रेय. कोरडा भाजून, गार करून टाकला तर थोडंफार शोषतो.

याहून मोठी अंधश्रद्धा म्हणजे बुटाच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. ती पुडी दुकानात आणि गोदामात आधीच पोटभर पाणी पिऊन आलेली असते. शिवाय कोरड्या डब्यात पाच ग्रॅमची ताजी पुडीसुद्धा अर्धा-पाऊण ग्रॅमच शोषते. म्हणजे दोन ओल्या चमच्यांना ती पुरी पडत नाही. आणि बुटाची पुडी खाण्यात घालूच नये. निळे मणी असतील तर अजिबात नको. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो. पाणी पिऊन ते गुलाबी होतात. कॅमेऱ्याच्या पेटीत ते ठीक. सुटे मणी ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला लागतात.

हवेचं नुकसान वेगळं. सादळलेला चिवडा कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवला आणि गार करून भरला की परत कुरकुरतो. खवट झालेला मात्र परत येत नाही. तिथं तेलाला, शेंगदाण्याला, खोबऱ्याला ऑक्सिजन लागलेला असतो. एक लिटर हवेत २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, म्हणून वेफर्सच्या पाकिटात नायट्रोजन भरतात. "निम्म्या पाकिटात हवाच विकतात" ही आपली तक्रार जुनी आहे, पण ती हवा नसते, नायट्रोजन असतो, आणि तो नसता तर आत वेफर्सऐवजी भुगा निघाला असता.

पिशवीचंही तसंच. साधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी पाणी अडवते असं वाटतं, पण वाफ तिच्यातून हळूहळू जातेच. अर्धा किलोच्या पिशवीतून पावसाळ्यात रोज अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ऑक्सिजन तर तिला जुमानतच नाही. आतून चंदेरी असलेलं थरांचं पाऊच घेतलं तर वाफ साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. फक्त ते नीट सील व्हायला हवं. टेबलावरच्या सीलरचा दिवा विजला की हात लगेच उचलायचा नाही. दोन सेकंद दाबून ठेवायचं, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक गोठतं. तोंडाशी चटणीची पूड किंवा तेलाचं बोट लागलं असेल तर सील धरल्यासारखं दिसतं आणि पुण्यात पोचेपर्यंत सुटतं. म्हणून भरताना तोंड बाहेर दुमडून घ्यायचं. भरून झालं की पाकीट पाण्यात बुडवून दाबायचं. बुडबुडे आले तर परत सील.

पुण्याचा विषय निघालाच आहे, तर पार्सलचं बोलू. पोरगा तिकडं शिकायला असला की एका खोक्यात चटणी, भडंग, गूळ आणि कोल्हापुरी चप्पल असं सगळं एसटीनं रवाना होतं. यातल्या चौघांचं एकमेकांशी पटत नाही. गूळ पाझरतो, भडंग शोषतं, चटणी तेल सोडते. चप्पल मात्र प्लॅस्टिकमध्ये घालायची नाही. कातड्यातली ओल आत कोंडली की चार दिवसांत हिरवट बुरशी. ती वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी पिशवीत. बाकी तिघं आपापल्या पाऊचात, आणि गूळ खोक्याच्या तळाला.

एवढं करून पाठवलेलं भडंग खोलीवर चार पोरं मिळून अर्ध्या तासात संपवतात. त्यातल्या एकालाही ते किती कोरडं पोचलं हे कळत नाही. दिवाळीला डबे परत येतात, चटणीच्या डब्यावर भलत्याच कुणाचं तरी झाकण. टॉर्च काढा.