५१२ वर्षांचा शार्क: त्या मेसेजमधला आकडा आला कुठून?

‘१५०५ साली जन्मलेला ५१२ वर्षांचा ग्रीनलँड शार्क आजही पोहतोय. पृथ्वीवरचा सर्वांत म्हातारा जीव!’ हा मेसेज अनेकांनी पुढे पाठवलाय. त्यातला एकही दावा टिकत नाही.

आधी ५१२. जीवशास्त्रज्ञ ज्युलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात ग्रीनलँड शार्कच्या २८ माद्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या सर्वांत मोठ्या, पाच मीटर लांबीच्या मादीचं वय त्यांनी ३९२ वर्षं धरलं, १२० कमी किंवा जास्त. म्हणजे २७२ ते ५१२ यांमधलं काहीही. मेसेजवाल्यांनी वरचं टोक उचललं आणि त्यावरून थेट जन्मसालही ठरवून टाकलं.

‘आजही पोहतोय’? ती मादी मेलेली होती. या माशाचे मणके इतके मऊ की त्यांवर मोजण्याजोगी वाढीची वर्तुळं नसतात. म्हणून डोळ्यातलं भिंग काढलं. भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं पिल्लू आईच्या पोटात असतानाच बनतात, पुढे बदलत नाहीत. त्यांतला कार्बन-१४, म्हणजे काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, मोजून वयाचा अंदाज बांधला. हे काम जिवंत माशावर होत नाही.

आता ‘सर्वांत म्हातारा जीव’. अमेरिकेत ओरेगॉनच्या मालहर जंगलात आर्मिलारिया ऑस्टोये ही लाकूड कुजवणारी बुरशी आहे. जमिनीखाली काळ्या दोऱ्यांनी ती एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जाते, सालीखाली पांढरा पापुद्रा धरते, उभी झाडं मारते आणि मग त्यांचंच लाकूड खाते. पसारा ९६५ हेक्टर. ठिकठिकाणचे नमुने बशीत शेजारी वाढवले की एकाच जिवाचे असतील तर ते मिसळतात, परके असतील तर मध्ये रेघ पडते. डीएनएनेही तेच सांगितलं: हा सगळा एकच जीव. त्याचं वयही अंदाजच आहे, पसरण्याच्या वेगावरून काढलेला: १९०० ते ८६५० वर्षं. पण या बुरशीचं खालचं टोकसुद्धा शार्कच्या वरच्या टोकाच्या तिपटीहून जास्त आहे. तुलना इथेच संपते.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मात्र ग्रीनलँड शार्कइतकं आयुष्य दुसऱ्या कुणाचं माहीत नाही. आणि त्याच अभ्यासातली जी गोष्ट खरं तर पसरायला हवी होती ती मेसेजमध्ये नाहीच: मादी प्रजननक्षम होते तीच मुळी सुमारे १५० व्या वर्षी. दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात अशी एक मादी गेली, तर तिची जागा घ्यायला आज जन्मलेल्या पिल्लाला दीड शतक लागेल.